जुन्या रोटरी गाडीतून सकाळच्या पहिल्या स्टार्टला येणारा धूर: तेलाचा की पाण्याचा?

प्रश्न (कॉव्हेंट्री, इंग्लंड)

सर्वांस नमस्कार. माझ्याकडे मार्च १९८७ मध्ये नोंदणी झालेली दुसऱ्या पिढीची माझदा आरएक्स-७ आहे. इंजिन १३बी, म्हणजे पिस्टनऐवजी दोन तिकोनी रोटर फिरणारे रोटरी इंजिन, टर्बो नसलेले, आणि मीटरवर ९४ हजार मैल झालेले आहेत. आठ महिन्यांपूर्वी एका वयस्कर गृहस्थांकडून मी ती घेतली. त्यांनी ती जिवापाड जपली होती, परंतु शेवटची चार वर्षे ती बहुतेक काळ जागेवरच उभी होती. लहानपणापासून या गाडीचे वेड असल्यामुळे मी ती घेतली आणि ती रस्त्यावर नीट चालावी अशी मनापासून इच्छा आहे.

तक्रार अशी आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट केली की पहिले आठ-दहा सेकंद काही दिसत नाही आणि मग एकाएकी धुराचे लोट येऊ लागतात. रंग मला ठामपणे सांगता येत नाही. सरळ मागे उभे राहून पाहिले तर तो पांढरा वाटतो आणि सूर्याची तिरीप पडली असताना बाजूने पाहिले तर त्यात निळी झाक दिसते. तीन-चार मिनिटांत धूर ओसरतो. इंजिन तापल्यावर, कितीही रेस दिली तरी, तो पुन्हा दिसत नाही. दुकानात अर्धा तास थांबून परत निघताना तर अजिबात येत नाही.

काळजी वाटण्याची आणखी दोन कारणे आहेत. गेल्या सहा आठवड्यांत कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतील पातळी साधारण अर्धा लिटर खाली गेली आहे. शिवाय तेल भरण्याच्या झाकणाखाली फिकट पिवळसर, लोण्यासारखा फेस जमतो. येथील एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा त्यांनी झाकण उघडून फेस पाहिला, रेडिएटरमध्ये डोकावले आणि "तेलात पाणी मिसळले आहे, इंजिन गेले, आता ते उतरवून नव्याने बांधावे लागेल" असा निर्णय पाच मिनिटांत दिला. त्यांनी सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जाणारा आहे.

इंजिन उघडण्यापूर्वी घरच्या घरी किंवा थोडक्या साधनांनी कोणत्या तपासण्या करता येतील, आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर (पुणे)

मी रोटरी इंजिन कधीच हाताळलेले नाही, हे आधी सांगतो. आपल्याकडे या गाड्या विकल्याच गेल्या नाहीत. परंतु पस्तीस वर्षे पेट्रोल गाड्यांची आणि त्याआधी दोन-स्ट्रोक मोटारसायकलींची कामे केली आहेत, तेवढ्या बळावर लिहितो.

झाकणाखाली फेस, पाणी कमी आणि सकाळी पांढरा धूर, एवढे सांगून कोणी पिस्टन इंजिनाची गाडी माझ्याकडे आणली असती, तर मीही हेड गॅस्केटवरच बोट ठेवले असते. तुमच्या गॅरेजवाल्याने तेच केले असावे. रोटरीत ते कितपत लागू पडते, हे त्यातील माणसांनी सांगावे.

माझ्याकडून दोनच गोष्टी. एक, ब्रेक ऑइलची पातळी पाहा. मास्टर सिलिंडरचे मागचे सील गळू लागले की ब्रेक ऑइल व्हॅक्यूम बूस्टरमध्ये साठते आणि तेथून व्हॅक्यूमच्या नळीने ओढले जाऊन इंजिनात जळते. धूर पांढरा आणि दाट येतो, आणि लोक इंजिन खोलून बसतात. बूस्टरची नळी काढून आतून ओली आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. दुसरी गोष्ट, दोन-स्ट्रोक गाड्यांचा अनुभव असा आहे की सायलेन्सरमध्ये साठलेले तेल गरम होऊन जळू लागायला थोडा वेळ लागतो आणि संपायला त्याहून जास्त. स्टार्ट केल्यावर आठ-दहा सेकंदांनी धूर सुरू होतो, हे तुम्ही बारकाईने टिपले आहे, त्याकडे दुर्लक्ष करू नका.

उत्तर (ऑकलंड, न्यूझीलंड)

गेली सोळा वर्षे मी या गाड्या वापरतो आणि स्वतःची दोन इंजिने स्वतःच्या हाताने बांधली आहेत. येथे रोटरी गाड्यांचा मोठा चाहतावर्ग आहे, त्यामुळे चुकलो तर सांगणारी माणसेही जवळपास मिळाली. आपला प्रश्न वाचून थोडा अस्वस्थ झालो, कारण याच फेसाच्या खुणेवर चांगली इंजिने विनाकारण उघडली गेलेली मी पाहिली आहेत.

पुण्याच्या काकांनी विचारलेल्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. रोटरीला सिलिंडर हेड नाही, म्हणून हेड गॅस्केटही नाही. पिस्टन इंजिनात पाण्याची वाट, तेलाची वाट आणि ज्वलनकक्ष ही तिन्ही त्या एका गॅस्केटवर एकमेकांशेजारी येतात, म्हणून ती फाटली की पाणी तेलात उतरते. १३बी इंजिन मात्र पाच थरांचे आहे. बिडाची पुढची प्लेट, ॲल्युमिनियमचे पहिले हाउसिंग (ज्यात रोटर फिरतो ते कवच), बिडाची मधली प्लेट, दुसरे हाउसिंग आणि बिडाची मागची प्लेट असे थर एकापुढे एक ठेवून लांब बोल्टांनी आवळलेले असतात. प्रत्येक जोडावर पाण्याच्या वाटेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूने रबरी सील बसते. आतले सील गेले तर पाणी ज्वलनकक्षात उतरते, बाहेरचे गेले तर इंजिनाच्या अंगावरून खाली झिरपते. तेलापर्यंत ते क्वचितच पोहोचते. म्हणजे ज्या खुणेवरून आपले इंजिन मोडीत काढले गेले, ती खूण या इंजिनात पाण्याच्या सीलविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही.

मग फेस कशाचा? या गाडीची तेल भरण्याची नळी लांब आणि उंच आहे, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर. थंड हवेत तिच्या आतल्या बाजूला बाष्प धरते आणि तेलाच्या वाफेत मिसळून त्याचे लोणी बनते. दोन-तीन मैलांच्या फेऱ्या केल्या की ते वाढते, कारण तेल इतके तापतच नाही की त्यातले पाणी उडून जावे. फडक्याने झाकण आणि नळीचा वरचा भाग पुसून घ्या, सलग पाऊण तास महामार्गावर गाडी चालवा आणि पुन्हा पाहा. डिपस्टिकवर खालपर्यंत तेल स्वच्छ, पारदर्शक असेल तर तो फेस विसरा. डिपस्टिकवरच कॉफीच्या रंगाचे तेल आले, तर मात्र मी माझे शब्द मागे घेईन.

आता धुराकडे. केवळ रंगावर जाऊ नका. आपणच लिहिले आहे की तो एका बाजूने पांढरा आणि दुसऱ्या बाजूने निळा दिसतो. हिवाळ्याच्या सकाळी सगळ्या धुरात वाफ मिसळलेली असतेच. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते आणि थंड सायलेन्सरमध्ये त्यातले बरेचसे साठून राहते. ती वाफ निरुपद्रवी आहे आणि सायलेन्सरपासून दोन-तीन हातांवर विरून जाते. जे विरत नाही, अंगणात तरंगत राहते आणि शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत पोहोचते, ते तपासण्यासारखे आहे. मोकळ्या जागेत, वाऱ्याची दिशा पाहून, बाजूला उभे राहून वास घ्या, नाक सायलेन्सरला लावू नका. कूलंटचा वास गोडसर असतो, तेलाचा उग्र आणि घशाला लागणारा, आणि पेट्रोलचा आपल्याला ठाऊकच आहे. त्याबरोबर एक पांढरा कागदी रुमाल काठीला बांधून सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर अर्धा मिनिट धरा आणि मग घरात सुकू द्या. पाणी उडून जाईल. तेल असेल तर दुसऱ्या दिवशीही रुमाल उजेडाकडे धरल्यावर तुपकट डाग दिसेल.

आपल्या वर्णनावरून माझा संशय तेलाच्या सीलवर आहे, आणि तो का, ते जरा सविस्तर सांगतो. या इंजिनात रोटर आतून पोकळ असतो आणि मधल्या शाफ्टमधून त्याच्या पोटात तेलाचे फवारे मारून तो थंड ठेवतात. ते तेल कडेने ज्वलनकक्षात जाऊ नये म्हणून रोटरच्या प्रत्येक बाजूला दोन गोल कड्या असतात, आणि प्रत्येक कडीखाली एक रबरी रिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने हे रबर कडक आणि चपटे होते. इंजिन चालू असताना कड्या कशाबशा काम भागवतात. परंतु गाडी बंद केली की रोटरच्या पोटात राहिलेले तेल रात्रभरात त्या कडक रबराच्या बाजूने ज्वलनकक्षात झिरपते आणि तळाशी साठते. आपल्या इंजिनात धुराचे द्वार हाउसिंगच्या परिघावर आहे, त्यामुळे सकाळी पहिल्या काही फेऱ्यांतच ते तेल बाहेर ढकलले जाऊन गरम होत असलेल्या नळीत आणि सायलेन्सरमध्ये जाते. आठ-दहा सेकंदांचा उशीर आणि नंतर तीन-चार मिनिटांचा धूर, या दोन्हींचा अर्थ येथे लागतो. अर्ध्या तासाच्या थांब्यात एवढे तेल झिरपत नाही, म्हणून दुकानापुढे धूर येत नाही.

हा प्रश्न या इंजिनाइतकाच जुना आहे. १९६० च्या दशकात हिरोशिमात माझदाचे अभियंते केनिची यामामोटो यांचा चमू व्हँकेल इंजिन, म्हणजे हेच रोटरी इंजिन, रस्त्यावर आणण्यासाठी झटत होता, तेव्हा हाउसिंगच्या आतल्या पृष्ठभागावर उठणारे ओरखडे हे जसे मोठे संकट होते, तसेच तेलाच्या सीलमधून झिरपून होणारा धूर हे दुसरे. ते सुटल्यावरच १९६७ मध्ये माझदाची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, बाजारात आली. रबर मात्र तेव्हाही रबरच होते.

पाण्याच्या सीलचा धूरही सकाळीच येतो, म्हणून केवळ वेळेवरून निकाल लागत नाही. गाडी बंद केल्यावर कूलंटमध्ये दाब उरलेला असतो. इंजिन थंड होताना ॲल्युमिनियम आणि बीड वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, सीलजवळ बारीक फट पडते आणि उरलेल्या दाबाने पाणी आत ढकलले जाते. अशा गाडीची लक्षणे निराळी असतात. पहिल्या स्टार्टला इंजिन अडखळते, कारण एखाद्या रोटरचे प्लग ओले झालेले असतात. काही सेकंद ते एका रोटरवर थरथरत चालते आणि मग सावरते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. टाकीतील पाणी उतू जाते किंवा एकसारखे कमी होते. आपल्या गाडीत स्टार्ट होताना अडखळणे आहे का, हे आपण लिहिलेले नाही.

म्हणून तपासणी अशी करा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या झाकणाच्या जागी दाब देणारा हातपंप बसवा आणि झाकणाच्या क्षमतेइतका, म्हणजे सुमारे ०.९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब भरा. पहिल्या तासाभरात बाहेर कोठे ओल येते का, हे विजेरी घेऊन पाहा. पाण्याचा पंप, हीटरच्या नळ्या आणि त्यांना आवळणाऱ्या पट्ट्या यांच्याकडे विशेष लक्ष द्या. मग रात्रभर तसेच ठेवा. सकाळी दाब किती उरला ते लिहून ठेवा, दाब सोडा, चारही प्लग काढा, पेट्रोलचा आणि ठिणगीचा पुरवठा तोडा आणि प्लगच्या भोकांसमोर पुठ्ठा धरून स्टार्टर पाच सेकंद फिरवा. पाण्याचा फवारा उडाला तर सील गेले. पुठ्ठ्यावर तेलाचे थेंब आले तर तेलाच्या कड्या. प्लग परत बसवताना खालचे आणि वरचे यांची अदलाबदल होऊ देऊ नका, ते वेगवेगळ्या उष्णताश्रेणीचे असतात.

याच्या जोडीला कूलंटमधील ज्वलनवायू ओळखणारे निळे द्रावण मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली असता ते पिवळे पडले, तर कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच ज्वलनवायू, पाण्यात शिरत आहे. निळे राहिले तर मोठी गळती नाही, एवढाच अर्थ घ्यावा.

कॉम्प्रेशनही, म्हणजे ज्वलनकक्षात तयार होणारा दाब, मोजून घ्या, पण रोटरीच्या यंत्राने. साध्या यंत्रातील झडप दाब धरून ठेवते आणि रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवते, त्यामुळे एक बाजू मेलेली असली तरी कळत नाही. रोटरीच्या यंत्रात तिन्ही बाजूंचे आकडे स्वतंत्र येतात आणि ते मिनिटाला २५० फेऱ्यांच्या वेगाला आणून ताडले जातात. आपल्या इंजिनासाठी किमान ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हा दाब आणि बाजूंमध्ये १.५ पेक्षा जास्त फरक नसणे, हा दंडक आहे. इंजिन गरम असताना मोजा. गार इंजिनात साठलेले तेल सील झाकते आणि आकडे फुगवते. आणि हेही लक्षात ठेवा की चांगले कॉम्प्रेशन आले म्हणून तेलाच्या कड्या निर्दोष ठरत नाहीत. कॉम्प्रेशन रोटरच्या टोकांच्या आणि बाजूच्या सील-पट्ट्यांवर अवलंबून असते, कड्यांवर नाही.

शेवटी एक विचारतो: रात्री गाडी सपाट जागेवर उभी असते की उतारावर?

उत्तर (लेस्टर, इंग्लंड)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्याकडे आरएक्स-८ आहे, त्यामुळे इंजिन थोडे निराळे आहे, परंतु वार्षिक तपासणीबाबत आपल्याला काही उपयोगी सांगू शकतो.

आपल्या गाडीची नोंदणी मार्च १९८७ ची आहे, ही मोठी सोय आहे. एमओटीच्या, म्हणजे येथील वार्षिक तपासणीच्या, नियमांत व्हँकेल रोटरी इंजिनांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. १ ऑगस्ट १९८७ पूर्वी प्रथम वापरात आलेल्या रोटरी गाड्यांची धुराची तपासणी केवळ डोळ्यांनी होते, वायूंचे मोजमाप होत नाही. इंजिन तापवून मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर सुमारे वीस सेकंद धरतात आणि मग आयडलला सोडतात. त्या वेळी दाट निळा किंवा स्पष्ट दिसणारा काळा धूर सलग पाच सेकंद आला तर गाडी नापास होते. आपला धूर तापल्यावर थांबतो, म्हणून तपासणीला गाडी थेट घरून दोन मिनिटांत नेऊ नका. आधी वीस-पंचवीस मैल चालवून घ्या.

धूर येतो म्हणून घाबरून स्टार्ट करताच इंजिन बंद करू नका. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त दिले जाते आणि लगेच बंद केल्यास ते आतच राहून प्लग भिजवते, मग गाडी पुन्हा सुरू होत नाही. एकदा सुरू केली की तापेपर्यंत चालू ठेवावी. माझ्या आरएक्स-८ मध्ये हा धडा मला पार्किंगमधून गाडी पाच फूट मागे घेताना मिळाला.

आणि दुसरी कळकळीची विनंती. पाणी कमी होते म्हणून रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पूड किंवा द्रव कृपया घालू नका. पाण्याच्या सीलवर त्याचा इलाज टिकत नाही, आणि हीटरच्या व रेडिएटरच्या बारीक वाटा त्याने तुंबतात. रोटरी इंजिन एकदा जास्त तापले की जी रबरे आजवर तग धरून होती तीही जातात.

तेलाची पातळीही पाहावी. गाडी सपाट जागेवर, इंजिन गरम करून पाच मिनिटे थांबल्यावर मोजा. बरेच लोक "रोटरी तेल पिते" असे ऐकून काठोकाठ भरून ठेवतात, आणि जास्तीचे तेल इंजिनाच्या श्वासनळीतून आत ओढले जाऊन जळते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (तीन आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या तपासण्या एकेक करून पाहिल्या, आणि निष्कर्ष लिहिण्याआधी सगळ्या पूर्ण होईपर्यंत थांबलो.

ब्रेक ऑइलची पातळी बरोबर आहे आणि बूस्टरची नळी आतून कोरडी निघाली. झाकणाखालचा फेस पुसून मी एका रविवारी स्ट्रॅटफर्डमार्गे जाऊन-येऊन सुमारे सत्तर मैल गाडी चालवली. परत आल्यावर झाकण स्वच्छ होते आणि डिपस्टिकवरील तेल मधासारखे पारदर्शक होते. त्यानंतर आठवडाभर कार्यालयात जाण्या-येण्याच्या अडीच मैलांच्या फेऱ्या केल्या आणि फेस परत आला.

दाबाच्या तपासणीने मला सर्वांत जास्त दिलासा दिला. संध्याकाळी ०.९ वर दाब भरला. चाळीस मिनिटांनी विजेरीच्या उजेडात इंजिनाच्या मागे, केबिनच्या भिंतीला लागून असलेल्या हीटरच्या नळीच्या जोडावर हिरव्या पाण्याचा एक थेंब चमकताना दिसला. बोटाने पुसला, दहा मिनिटांत तो पुन्हा आला. त्या जोडाखाली पांढरट-हिरवट खरपुडी जमलेली होती, म्हणजे गळती जुनीच होती. गरम इंजिनावर पडून ती सुकत असल्यामुळे जमिनीवर कधी डाग दिसला नाही. नळी आणि पट्टी बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा दाब भरला. सकाळी काटा ०.८५ वर होता. प्लग काढून पुठ्ठा धरला, स्टार्टर फिरवला. पाण्याचा एक थेंबही नाही. मागच्या रोटरच्या खालच्या भोकासमोर मात्र काळपट तेलाचे सात-आठ शिंतोडे उडाले. पुढच्या रोटरचे दोनच होते. निळे द्रावण निळेच राहिले.

रुमालाच्या प्रयोगात सुकल्यानंतर रुपयाएवढा तुपकट डाग राहिला. वासही उग्र, गोडसर अजिबात नाही. स्टार्ट होताना गाडी अडखळत नाही, पहिल्याच फेरीत सुरू होते.

एका रोटरी जाणकाराकडे जाऊन कॉम्प्रेशन मोजून घेतले. पुढचा रोटर ७.०, ६.९ आणि ७.१, मागचा ६.६, ६.५ आणि ६.७. गाडीच्या वयाच्या मानाने हे चांगले आहेत असे त्यांचे म्हणणे पडले.

आता उताराविषयी. हा प्रश्न विचारला नसता तर माझ्या लक्षातही आले नसते. आमच्या घरासमोरची जागा रस्त्याकडे उतरती आहे आणि मी गाडी नाक वर करून उभी करतो. तीन रात्री गाडी समोरच्या सपाट जागेत ठेवून पाहिली. उतारावर धूर तीन मिनिटे चाळीस सेकंद टिकला होता, सपाट जागेवर तो दोन मिनिटांच्या आत संपला. तेलही खुणेच्या वर भरलेले निघाले, ते अर्धा लिटर कमी केले.

माझा प्रश्न आता एवढाच उरतो: कड्यांचे रबर गेले आहे हे धरून चालले, तर इंजिन लगेच उघडावे का?

उत्तर (ऑकलंड)

इतक्या काळजीने केलेली तपासणी वाचून फार समाधान वाटले. मागच्या रोटरकडचे तेल आणि नाक वर करून उभी असलेली गाडी यांचा मेळ नीट बसतो. रोटरच्या पोटातील तेल उताराने मागच्या बाजूच्या कड्यांवर टेकून राहते.

माझ्या मते आता इंजिन उघडू नये. कॉम्प्रेशन चांगले आहे, पाण्याची सीले दाब धरत आहेत, आणि केवळ तेलाच्या कड्यांखालचे रबर बदलण्यासाठीही संपूर्ण इंजिन सुटे करावेच लागते; त्यात मधला मार्ग नाही. ज्या दिवशी पाण्याची सीले किंवा टोकाच्या पट्ट्या काम मागतील, त्या दिवशी सगळे रबर एकदम बदलावे. तोवर धुराने इंजिनाचे नुकसान होत नाही, फक्त तेल लागते आणि प्लग लवकर मळतात.

मात्र आपल्या इंजिनातील तेलाच्या वापराचे दोन हिशेब वेगळे ठेवा. एक हे झिरपणारे तेल. दुसरे इंजिन मुद्दाम जाळते ते. आपल्या गाडीत एक छोटा पंप ॲक्सिलरेटरच्या दांडीशी जोडलेला असतो आणि तो टोकाच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून बारीक पारदर्शक नळ्यांतून थोडे थोडे तेल इंजिनात सोडतो. हजार ते दीड हजार मैलांना एखादा लिटर लागणे ही या इंजिनाची प्रकृती आहे. तेल अजिबात कमी न होणारी रोटरी मला धूर सोडणाऱ्या रोटरीपेक्षा जास्त घाबरवते. त्या नळ्या इतक्या वर्षांनी काचेसारख्या ठिसूळ होतात, म्हणून त्या हाताने न वाकवता, विजेरीने पाहून घ्या; तडा दिसला तर सगळ्या बदला. धूर कमी करायचा म्हणून कोणी तो पंप बंद करण्याचा सल्ला दिला, तर पेट्रोलमध्ये नियमाने दोन-स्ट्रोक तेल मिसळण्याची तयारी असल्याशिवाय तो मानू नका.

उत्तर (पुणे)

हीटरच्या नळीचा तो एक थेंब सापडला, हे वाचून बरे वाटले. अशी गळती थंड इंजिनावर दाब भरूनच सापडते, चालू गाडीत ती डोळ्यांदेखत वाळते. फेसाविषयी मी लिहिले ते या इंजिनाला लागू नव्हते, हे समजले. पाच थर आणि त्यांमधली सीले यांचे चित्र आज पहिल्यांदा डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याबद्दल ऑकलंडच्या मित्राचे आभार.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

नळ्या पाहिल्या. चारपैकी एक जोडाजवळ पिवळी पडून तिला केसाएवढा तडा गेला होता. चारही नव्या मागवल्या आहेत आणि त्या येईपर्यंत दर टाकीमागे पेट्रोलमध्ये दोन-स्ट्रोक तेल मोजून घालत आहे. गाडी आता नाक खाली करून नव्हे, नाक वर करूनही नव्हे, तर शेजाऱ्यांच्या परवानगीने त्यांच्या सपाट जागेत उभी असते. डिक्कीत एक वही ठेवली आहे आणि तीत तारीख, मैल, तेल, कूलंट आणि धुराची मिनिटे लिहितो. आज सकाळी बाहेर दोन अंश तापमान होते. धूर एक मिनिट पन्नास सेकंद राहिला, आणि कूलंटच्या टाकीवर तीन आठवड्यांपूर्वी मारलेल्या पेनाच्या रेघेवरून पातळी हललेली नाही.